रक्ताच्या रिपोर्टातली खालची ओळ

(आपल्या सामुदायिक रेडिओवर दर बुधवारी दुपारी होणाऱ्या आरोग्याच्या कार्यक्रमात एका लॅब टेक्निशियन ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच छापलं आहे.)

जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घातली असतील. दहा-पंधरा मिनिटं बसा माझ्याजवळ.

मागच्या बुधवारी कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. घरात तिघांना ताप-खोकला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, रिपोर्ट आला. आता त्या रिपोर्टावर काही आकड्यांपुढे एच लिहिलंय, काहींपुढे एल लिहिलंय. ताई म्हणाल्या, "मुलगा म्हणतो पेशी कमी झाल्यात. मी पपईच्या पानांचा रस सुरू केलाय. बरोबर ना?" तेव्हा वेळ संपला होता, म्हणून आज सगळं बोलणं त्याच रिपोर्टावर.

पहिली गोष्ट, "पेशी कमी झाल्या" हे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण कोणत्या पेशी ते कोणी सांगत नाही. डेंग्यूच्या साथी आल्यापासून पेशी म्हणजे प्लेटलेट असंच डोक्यात बसलंय. खरं तर रक्तात तीन घराणी आहेत. तांबड्या पेशी, ज्या प्राणवायू वाहून नेतात. प्लेटलेट, ज्या जखमेचं रक्त थांबवतात. आणि पांढऱ्या पेशी, ज्या रोगाशी झगडतात. त्या ताईंच्या मुलाच्या रिपोर्टात कमी होत्या त्या पांढऱ्या पेशींमधल्या एका जातीच्या. प्लेटलेट छान पावणेतीन लाख होत्या. म्हणजे पपईच्या पानाचा तिथे काहीच संबंध नव्हता. उगाच पोराला कडू पाजलं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. अठरा वर्षं लॅबमध्ये रक्त काढते, तपासते, रिपोर्ट छापते. औषध कोणतं घ्यायचं ते मी सांगणार नाही. पण कागद कसा वाचायचा हे मला कळतं, आणि कागद नीट न वाचल्यानं काय होतं तेही कळलंय. ते आधी सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं बोलणं कोरडं वाटेल.

२०२१ चा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या लॅबच्या दारात सकाळी सहापासून रांग. एका दिवसात नव्वद-नव्वद नमुने. माझ्या मिस्टरांच्या आत्या, वय त्रेसष्ट, चार दिवस ताप अंगावर काढून आल्या. मीच रक्त काढलं, मीच मशीनला लावलं. कागद बाहेर आला तो मी उभ्या उभ्या पाहिला. वरच्या ओळीत एकूण पांढऱ्या पेशी ५,२००. सर्वसाधारण माणसात चार हजार ते अकरा हजार असतात. मी म्हणाले, "आत्या, रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा, आराम करा." खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. खाली लिहिलं होतं : न्यूट्रोफिल ८४, लिम्फोसाइट ११, मोनोसाइट ५, इओसिनोफिल शून्य. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला, आत्यांना धाप लागलीय. ऑक्सिजन ८२ होता. बेड मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. आत्या परत आल्या नाहीत.

मी तो कागद नीट वाचला असता तर त्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही, आणि कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण दोन दिवस आधी कोणीतरी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलं असतं, एवढं नक्की. खालच्या ओळी तेच सांगत होत्या.

तर आता त्या ओळी.

रक्त काढल्यावर आम्ही ते जांभळ्या टोपणाच्या छोट्या बाटलीत घालतो. त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. मग मशीन एका थेंबातल्या पेशी मोजतं. या तपासणीला सीबीसी म्हणतात. ती स्वस्त आहे, तालुक्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते, प्राथमिक आरोग्य केंद्रातही करून मिळते. कोरोनाच्या वेळी डी-डायमर, सीआरपी, आयएल-सिक्स अशा महागड्या तपासण्यांची पाकिटंच विकली जात होती. त्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण सगळ्यात स्वस्त कागदावर जे लिहिलेलं होतं तेच बऱ्याच घरांत कोणी वाचलं नाही.

पांढऱ्या पेशींच्या पाच जाती आहेत. आज आपल्याला दोनच नीट समजून घ्यायच्या आहेत. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. मोठ्या माणसाच्या रक्तात शंभर पांढऱ्या पेशींपैकी साधारण चाळीस ते पंचाहत्तर न्यूट्रोफिल असतात आणि वीस ते चाळीस लिम्फोसाइट.

गावात कुठे गंजीला आग लागली की काय होतं? आरडाओरडा झाला की तरणी पोरं हातात मिळेल ते घेऊन धावतात. बादली, घागर, ओला गोणपाट. कोणाची गंजी, कशानं लागली, हे विचारत नाहीत. आग विझवतात, पण त्या धावपळीत शेजारच्या वाफ्यातली मेथी तुडवली जाते, एखादं कुंपण मोडतं. न्यूट्रोफिल तशा आहेत. हाडांच्या मगजात रोज हजारो कोटी तयार होतात, रक्तात फार थोडा वेळ राहतात आणि मरतात. जंतू दिसला की तुटून पडतात. विशेषतः जिवाणूंवर. पण त्यांच्याजवळची जहाल रसायनं जंतूबरोबर आपल्याच शरीराचा भाग जाळतात. फुप्फुसाची पिशवी तर कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक.

लिम्फोसाइटचं काम वेगळं. त्या गावातल्या जाणत्या माणसांसारख्या. नवा माणूस कोण, कुठल्या गावचा, मागे कधी आला होता, हे ओळखतात आणि लक्षात ठेवतात. विषाणू हा पेशीच्या आत शिरून लपतो. बाहेर धावणाऱ्या न्यूट्रोफिलना तो सापडत नाही. लपलेल्या विषाणूसकट ती पेशी शोधून मारायची, त्याच्यावर चपखल बसणारी प्रतिद्रव्यं तयार करायची, हे लिम्फोसाइटचं काम. लस घेतल्यावर आपल्या शरीराला जी आठवण राहते तीही यांच्यातच राहते.

म्हणून साध्या विषाणूच्या तापात, म्हणजे नेहमीच्या सर्दी-पडशात, फ्लूमध्ये, रक्ताचा कागद बघितला तर एकूण पांढऱ्या पेशी फारशा वाढलेल्या नसतात, कधी थोड्या कमीच असतात. आजाराच्या पहिल्या दिवसांत लिम्फोसाइट जरा उतरतात आणि माणूस बरा होऊ लागला की परत वर येतात. हा नेहमीचा रस्ता. काळजी तेव्हा, जेव्हा त्या फार खाली जातात आणि वर यायचं नाव घेत नाहीत.

हे कोरोनातच पहिल्यांदा दिसलं असं नाही. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली होती. तोही कोरोनाच्याच घराण्यातला विषाणू. तिथल्या १५७ रुग्णांचे रक्ताचे कागद डॉक्टरांनी एकत्र करून बघितले, तर १५३ जणांच्या लिम्फोसाइट आजारात कधी ना कधी कमी झालेल्या होत्या. मग २०२० च्या जानेवारीत चीनच्या वुहान शहरातून पहिल्या ४१ रुग्णांची माहिती छापून आली. त्यातल्या २६ जणांच्या लिम्फोसाइट कमी होत्या. पुढे चीनमधल्या साडेपाचशे दवाखान्यांतल्या १,०९९ रुग्णांचा हिशेब आला, त्यात दर शंभरातल्या ८३ जणांचं तेच. आणि ज्यांचा आजार गंभीर झाला त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त.

आता प्रश्न असा, की या पेशी जातात कुठे?

माण-खटाव, बीड, पाथर्डी भागातल्या बायकांना हे लगेच कळेल. दिवाळीच्या सुमारास वस्त्या रिकाम्या होतात. अर्धं गाव ऊसतोडीला जातं. त्या वेळी कोणी गावात येऊन माणसं मोजली, तर म्हणेल, या गावात माणसंच नाहीत. माणसं मेलेली नाहीत, फडावर गेलीत. रक्ताच्या तपासणीचं असंच आहे. आम्ही दंडाच्या शिरेतून रक्त घेतो, म्हणजे गावातली माणसं मोजतो. लिम्फोसाइट बऱ्याचशा फुप्फुसात आणि गाठींमध्ये कामाला गेलेल्या असतात. हे एक कारण.

पण सगळंच एवढं भलं नसतं. आजार जोरात असेल तर शरीरात दाह निर्माण करणाऱ्या रसायनांचा पूर येतो आणि त्यात लिम्फोसाइट खरोखर मरतात. नवीन तयार होण्याचं कामही मंदावतं. शिवाय शरीर मोठ्या ताणाखाली आलं की आपल्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा रस जास्त सोडतात. त्यानं लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. त्याच पुरातली रसायनं हाडांच्या मगजालाही सांगतात, आणखी न्यूट्रोफिल पाठवा. वरून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर त्या आणखी वाढतात. म्हणजे नेमकी ओळखणारी माणसं गायब आणि तुडवणारी गर्दी वाढलेली. कागदावर एक आकडा वर, एक आकडा खाली. आजार कोणत्या बाजूला झुकलाय ते या दोन आकड्यांच्या फरकातून दिसतं.

हिशेब करू या. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

शेकडा दोन टक्के व्याज म्हटलं तर तुम्ही लगेच विचारता, मुद्दल किती? पाच हजारावर दोन टक्के म्हणजे शंभर रुपये, पन्नास हजारावर एक हजार. रिपोर्टातले न्यूट्रोफिल ८४, लिम्फोसाइट ११ हे आकडे टक्के आहेत. मुद्दल म्हणजे वरची एकूण पेशींची ओळ. आत्यांच्या कागदावर मुद्दल होतं ५,२००. त्याचे अकरा टक्के म्हणजे ५७२. मोठ्या माणसात लिम्फोसाइट साधारण हजाराच्या वर असायला हव्यात. आता दुसरा कागद घ्या. एकूण पेशी बारा हजार आणि लिम्फोसाइट १० टक्के. टक्के आत्यांपेक्षा कमी, पण पेशी बाराशे. म्हणजे नुसते टक्के बघून घाबरायचं नाही आणि नुसतं मुद्दल बघून निर्धास्त व्हायचं नाही. मी दुसरी चूक केली.

दुसरा हिशेब आणखी सोपा. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्यानं भागायचं. डॉक्टर याला एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात हे उत्तर बहुधा एक ते तीनच्या दरम्यान येतं. साठ भागिले तीस, दोन. आत्यांचं ८४ भागिले ११, म्हणजे साडेसातच्या वर. पेइचिंगच्या एका दवाखान्यात २०२० च्या सुरुवातीला ६१ रुग्ण तपासून तिथल्या डॉक्टरांनी मांडलं, की वय पन्नास किंवा जास्त आणि हा आकडा ३.१३ किंवा जास्त असेल तर माणूस गंभीर होण्याचा धोका मोठा, त्याला लवकर अतिदक्षता विभागाच्या जवळ ठेवा. पुढे जगभर बऱ्याच दवाखान्यांनी हा आकडा वापरून पाहिला. जास्त एनएलआर आणि जास्त धोका हे नातं पुन्हा पुन्हा दिसलं. पण धोक्याची रेघ कुठे मारायची यावर एकमत झालं नाही. कोणाची रेघ तीनवर, कोणाची पाचवर, कोणाची त्याहून वर. ३.१३ हा आकडा दगडावरची रेघ नाही, हे ध्यानात घ्या. एकसष्ट माणसांवरून काढलेला आहे तो.

माझ्या मते एका कागदापेक्षा दोन कागद जास्त बोलतात. वुहानच्याच काही डॉक्टरांनी सुचवलं होतं, की लक्षणं सुरू झाल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी लिम्फोसाइट वीस टक्क्यांच्या वर आहेत का ते बघा. वर असतील तर माणूस बहुधा सुधारतो. म्हणजे आकडा कुठे आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. इओसिनोफिल नावाची तिसरी जात आहे, तिचंही असंच. ती आधीच थोडी असते, पण कोरोनाच्या भरात बऱ्याच रुग्णांमध्ये शून्यावर जाते आणि बरं वाटायला लागलं की परत दिसू लागते. आमच्या लॅबमध्ये तो शून्याचा एक झाला, दोन झाले, की आम्हाला हायसं वाटायचं. लहान मशीन असेल तर रिपोर्टात इओसिनोफिल वेगळं येत नाही, मिड या एका नावाखाली तीन जाती एकत्र येतात. तेव्हा शोधत बसू नका.

आता दुसरी बाजू. हा हिशेब कळल्यावर माणसं मोबाईलवर भागाकार करून रात्रभर जागतात. आमच्याकडे एक पोरगी आली होती, सातव्या महिन्याची गरोदर. साधी सर्दी. तिच्या दिराने कागद बघून सांगितलं, वहिनी, तुझा आकडा सहा आहे, धोका आहे. पोरगी रडून अर्धी झाली. गरोदरपणात पांढऱ्या पेशी आपोआपच वाढतात, आणि वाढतात त्या मुख्यतः न्यूट्रोफिल. पंधरा हजारांपर्यंत गेल्या तरी निव्वळ त्यावरून घाबरायचं कारण नसतं, आणि बाळंतपणाच्या कळांत तर त्याहून वर जातात. तिचा सहा म्हणजे आत्यांचा सहा नव्हे. मात्र गरोदर बाईला फ्लू झाला तर तिला इतरांपेक्षा धोका जास्त असतो, हे २००९ च्या स्वाइन फ्लूत साऱ्या जगानं पाहिलं. भारतातला त्या साथीचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यातच झाला होता, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणून गरोदर बाईला ताप-खोकला आला तर रिपोर्टाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. फ्लूवर ऑसेल्टामिवीर हे औषध आहे, आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. फ्लूची लसही गरोदरपणात घेता येते.

लहान मुलांचं तर उलटंच असतं. चार-पाच वर्षांपर्यंत निरोगी मुलाच्या रक्तात लिम्फोसाइटच न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात. काही मशीन मोठ्या माणसांच्याच मापानं बाळाच्या रिपोर्टावर एच छापतात. आई घाबरते. आणि तान्ह्या बाळांना छातीत घरघर करणारा जो विषाणूचा आजार होतो, त्यात रक्ताच्या पेशी मोजून बाळ किती आजारी आहे ते फारसं कळत नाही. तिथे बाळाचं पोट उघडं करून घड्याळ घेऊन बसायचं. आपल्या आशाताईंना हे शिकवलेलं आहे : दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं चाळीस किंवा जास्त, तर तो जलद श्वास. बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर लगेच दवाखाना. पूर्ण मिनिट मोजायचं, आणि बाळ रडत नसताना.

अंगात रक्त कमी असणाऱ्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. रिपोर्टात आरडीडब्ल्यू नावाची एक ओळ असते. तांबड्या पेशींच्या आकारात किती फरक आहे ते ती सांगते. अमेरिकेत बोस्टनच्या भागातल्या दवाखान्यांमध्ये २०२० साली असं दिसलं, की दाखल होताना ज्यांचा हा आकडा साडेचौदाच्या वर होता त्या कोरोना रुग्णांत मृत्यू जास्त झाले. ते खरं. पण आपल्याकडे लोह कमी असलं तरी हा आकडा वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर बायकांतल्या चोपन्न जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त. अशा बाईचा आरडीडब्ल्यू सतरा आला तर ती कोरोनानं मरणार असा अर्थ काढणं म्हणजे खुळेपणा. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि त्या ताप नसतानाही हव्या होत्या.

आणि आता स्टेरॉइड. हे जरा नीट ऐका. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या अभ्यासातून समोर आलं, की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं औषध गंभीर कोरोनात जीव वाचवतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजन लागणाऱ्यांचे एक पंचमांशानं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये बऱ्याच घरांत पहिल्याच दिवशी त्या गोळ्या सुरू झाल्या. कोणी दिल्या, ते मी बोलत नाही. त्यानं दोन गोष्टी झाल्या. साखर वाढली, आणि पुढे काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस झालेले किती जण आपण पाहिले. दुसरी गोष्ट रिपोर्टाची. स्टेरॉइड पोटात गेलं की औषधामुळेच न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल कमी होतात. म्हणजे अगदी गंभीर आजारासारखाच कागद तयार होतो. अशा माणसाचा एनएलआर आठ आला तर तो आजाराचा आठ की गोळीचा आठ, हे कागद सांगू शकत नाही. म्हणून रक्त द्यायला जाताना आधी काय काय औषधं घेतली ते सांगा. गोळीचं पाकीटच बरोबर आणा. नाव आठवत नसलं तरी चालेल, पाकीट बोलतं.

लिम्फोसाइट कमी आहेत म्हणून त्या वाढवायचं टॉनिक आणायचं, काढा उकळायचा, हेही होतं. पेशी कमी होणं ही आजाराची खूण आहे, आजाराचं मूळ नाही. चुलीवरचा धूर दाराबाहेर हाकलला म्हणून ओलं लाकूड वाळत नाही. आजार उतरला की पेशी आपल्या आपण वर येतात.

मग हा कागद हातात आल्यावर करायचं काय? मी माझ्या घरात काय करते ते सांगते. घरात पन्नाशीच्या पुढचं माणूस असेल, किंवा साखर, रक्तदाब, दम्याचं दुखणं असेल, ताप-खोकल्याला तीन-चार दिवस झाले असतील, आणि कागदावर लिम्फोसाइट हजाराच्या खाली किंवा भागाकार तीन-चारच्या वर दिसत असेल, तर मी त्या माणसाला गंभीर समजत नाही, पण एकटं सोडत नाही. त्याच दिवशी कागद डॉक्टरांना दाखवते. दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिमीटर लावते. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करते, नेलपॉलिश पुसते, नाहीतर आकडा चुकतो. ९४ च्या खाली उतरला तर वाट बघत नाही. आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात, सपाट जागेवर, सहा मिनिटं चालायला लावते. साठीच्या पुढे असतील तर तीन मिनिटं. चालल्यावर आकडा तीन किंवा जास्तनं उतरला किंवा धाप लागली, तर गाडी बोलवायची. ही सहा मिनिटांची चाचणी आपल्याकडे दुसऱ्या लाटेत आरोग्य खात्यानंच गावोगाव सांगितली होती. कोरोनात बऱ्याच जणांना ऑक्सिजन कमी होऊनही दम लागल्याचं जाणवत नव्हतं. माणूस बोलत असायचा, चहा पीत असायचा आणि आकडा ८५. म्हणून चालवून बघायचं. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, सात ते दहा दिवसांच्या सुमारास, ताप गेला म्हणून लक्ष काढून घ्यायचं नाही. कोरोनात तेच दिवस फसवे होते.

आणि हेही तितकंच खरं, की कागद अगदी स्वच्छ असला पण माणूस धापा टाकतोय, ओठ निळे पडलेत, बरळतोय, लघवी झालेली नाही, तर कागद खुशाल बाजूला फेका. माणसाकडे बघा.

आमच्या गटातल्या बायकांनी एक केलंय. घरटी एक जाडशी फाइल. प्रत्येकाचा जुना सीबीसी त्यात लावलेला, वर तारीख लिहिलेली. आजारपणात डॉक्टरांना नवा कागद आणि जुना कागद शेजारी शेजारी ठेवता येतो. ज्या बाईच्या पेशी एरवीच साडेतीन हजार असतात तिच्या साडेतीन हजारांना कोणी घाबरत नाही. आणि ज्याच्या एरवी नऊ हजार असतात त्याच्या साडेचारच्या कागदावर नॉर्मल छापून आलं तरी डॉक्टर दुसऱ्यांदा बघतात. फाइलला खर्च वीस रुपये. आत्यांचा कागद माझ्या फाइलमध्ये पहिला आहे.

आज सकाळी स्टेशनवर आले तेव्हा दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवलेले होते, तेवढे सांगून थांबते. एका ताईंनी विचारलंय, सीबीसीला उपाशी पोटी जायचं का? नाही. साखरेच्या एका तपासणीला उपाशी लागतं, याला नाही. न्याहारी करून जा, पाणी पिऊन जा, शीर सापडायला आम्हालाही सोपं जातं. दुसरा प्रश्न, एकाच दिवशी दोन लॅबमध्ये तपासलं आणि दोन्हीकडे प्लेटलेट वेगळ्या आल्या, एकीकडे ८० हजार, दुसरीकडे एक लाख नव्वद. कोण खोटं? बहुधा कोणीच नाही. रक्त काढताना वेळ लागला किंवा बाटली नीट हलवली नाही तर प्लेटलेटचे गोळे होतात, आणि मशीन एक गोळा म्हणजे एकच पेशी किंवा पांढरी पेशी समजतं. अशा वेळी लॅबवाल्यांना काचेवर रक्ताचा थेंब पसरून डोळ्यांनी बघायला सांगा. सांगायला लाजू नका. आम्हाला ते येतं, फक्त गर्दीत राहून जातं.